जाहीर झालेली बस

आमचे घरमालक सोपानराव घरात चहा मागायचे, तेव्हा पलीकडच्या आळीला ऐकू जायचं. तिथल्या एका म्हातारीने एकदा खरोखरच चहा करून पाठवला होता. सोपानराव नुसता चहा मागत नसत, जाहीर करत. "सर्वांना कळविण्यात येतं की आमचा चहा अजून आलेला न्हाई." मग स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, पार्वतीकाकूंचा, शांत आवाज यायचा, "कळालं."

सोपानराव इथलेच, रहाटणीचे. त्यांची शेती कंपनीत गेली आणि शेतीपाठोपाठ तेही कंपनीत गेले. प्रेस शॉपमध्ये दिवसभर पत्र्यावर घण पडल्यासारखी यंत्रं चालत. शेजारच्याकडे पाना मागायचा तरी गळ्याच्या शिरा ताणाव्या लागत. बाकीचे कामगार तो आवाज गेटवर ठेवून घरी जायचे, सोपानराव घरी घेऊन यायचे. मी त्याच कंपनीत टाइम ऑफिसात कारकून आणि त्यांच्या चार खोल्यांपैकी एकीत भाडेकरू, म्हणजे मला आवाजापासून सुट्टी कुठेच नव्हती.

असा घसा निवडणुकीच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. नगरपालिकेच्या एका निवडणुकीत एका उमेदवाराच्या प्रचारकाचा घसा ऐन वेळी बसला. कोणीतरी सोपानरावांना जीपमध्ये बसवलं, माईक हातात दिला, आणि त्या दिवसापासून आमच्या भागातली कुठलीही निवडणूक त्यांच्याशिवाय झाली नाही. पक्षाचं त्यांना वावडं नव्हतं. फर्स्ट शिफ्टला एक उमेदवार, सेकंड शिफ्टला दुसरा, आणि ओव्हरटाइमला अपक्ष. कोणी टोकलं तर म्हणायचे, "मत माझं हाय, घसा त्यांचा."

अडचण एकच होती. उमेदवार बोलायला जो कागद द्यायचे, त्यात उमेदवाराचं नाव, निशाणी आणि 'प्रचंड बहुमताने विजयी करा' याखेरीज काही नसायचं. एवढं बोलून झालं की जीप पुढच्या आळीला पोचायच्या आत सोपानरावांकडे बोलायला काही उरत नसे. मग ते पदरचं घालत.

पहिल्यांदा घातलं ते सार्वजनिक नळाजवळ. दोन बायकांची हंड्यांवरून झोंबाझोंबी चाललेली बघून ते माईकवर सांगून मोकळे झाले की, आमचे उमेदवार निवडून येताच इथं दुसरा नळ बसवणार आहेत. उमेदवाराला याचा पत्ता नव्हता. तो निवडून आला आणि आठवड्याभरात बायका रिकामे हंडे घेऊन त्याच्या दारात बसल्या. त्याने बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "मी असं बोललो होतो का गं?" ती म्हणाली, "तुम्ही काय काय बोलला होता, त्यातलं काय आठवतंय तुम्हाला?" नळ बसला.

सोपानरावांना लोकशाहीची किल्ली सापडली ती त्या नळात. पुढच्या निवडणुकीत त्यांनी स्मशानाच्या वाटेवर दिवे जाहीर केले, तेही लागले. कार्यकर्ते त्यांच्यावर रागावायचे, कागदावर आहे तेवढंच बोला म्हणायचे. सोपानराव समजुतीने सांगायचे, "कागदावर निस्तं नाव हाय, राव. नावाला कोण मत देतं? लोकं नळाला देत्यात. आमी नळ सांगतो, तुमी नाव सांगा."

मग विधानसभेची निवडणूक आली. तात्यासाहेब नावाचे एक वजनदार उमेदवार होते. वजनदार दोन्ही अर्थांनी, त्यांच्यासाठी स्टेजला मधे जादा खांब द्यावा लागे. त्यांची जीप सोपानरावांकडे आली. आमची सुट्टी गुरुवारची. एका गुरुवारी मीही जीपमध्ये मागे बसलो. चिखली ओलांडली आणि सोपानरावांनी माईक तोंडाजवळ घेतला. "तात्यासाहेब निवडून येताच बोरजाईवाडीला बस सुरू होणार आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी."

बोरजाईवाडी म्हणजे चिखलीच्या पुढे ओढ्यापलीकडची मूठभर घरं. तिथे जायला धड रस्ता नव्हता. मी विचारलं, "तिथेच का बस?" ते म्हणाले, "बस कुठं तरी जायचीच ना."

ती घोषणा त्यांनी वाडीत केली, चिखलीत केली, रहाटणीत केली आणि पिंपरीच्या भाजीबाजारातही केली. ज्यांनी बोरजाईवाडीचं नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं, ते तिथल्या गैरसोयीने हळहळू लागले. विरोधी उमेदवार बावरला. त्याने घाईघाईने दोन बस जाहीर केल्या. त्यावर एका अपक्षाने विचारलं, इतकी वर्षं वाडीला बस का नाही, याचा जाब कोण देणार? पाहता पाहता बोरजाईवाडीचा 'प्रश्न' झाला. तात्यासाहेबांना तो शेवटच्या सभेत कळला आणि ते असे पेटून बोलले, जणू तो त्यांना आयुष्यभर छळत होता.

तात्यासाहेब निवडून आले. आता बस देणं भाग होतं. बसचे साहेब पाहणीला वाडीत गेले आणि त्यांनी सरपंचांना विचारलं, "रोज प्रवासी किती?" सरपंच म्हणाले, "बसच न्हाई, तर प्रवासी कुठनं आणू?" साहेबांनी 'मागणी तीव्र आहे' असा अहवाल दिला. बस जायला रस्ता हवा म्हणून रस्ता झाला. रस्त्यात ओढा आडवा येत होता म्हणून मोरी झाली. मोरी झाली म्हणून पलीकडच्या वस्तीतली पोरं पावसाळ्यातही शाळेला जाऊ लागली. सरकारी धोरण कसं ठरतं, यावर मी शाळेत नागरिकशास्त्राचा एक अख्खा धडा पाठ केला होता. त्यात जीपमधल्या माणसाचा उल्लेख नव्हता.

उद्घाटनाला तात्यासाहेबांनी नारळ फोडला आणि सांगितलं, "या वाडीत पहिलं पाऊल टाकलं, त्याच दिवशी मी हा निर्धार केला होता." ते वाडीत पहिल्यांदाच आले होते. सोपानराव गर्दीत उभे राहून मनापासून टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर सोपानराव दर गुरुवारी सकाळी घरातून नाहीसे होऊ लागले. एकदा मला म्हणाले, "चला, आपली गाडी कशी चालतीय बघू." पार्वतीकाकूंनी त्यांच्या हातात कापडी पिशवी दिली. त्यातून शेंगदाण्याच्या लाडवांचा वास येत होता.

वाडीला बस थांबली. ड्रायव्हर-कंडक्टर टपरीवर चहाला गेले. बाभळीखाली पंचविशीची एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. सोपानराव उतरून तिच्यापाशी गेले. पिशवी दिली, पोराला घेतलं. दोघं काहीतरी बोलत होते. मी दहा पावलांवर होतो आणि मला एक शब्द ऐकू आला नाही. कंडक्टरने तिकडे बघून दुसरा चहा सांगितला.

ती त्यांची एकुलती लेक, कमल. मी रहाटणीला राहायला येण्याआधीच तिचं लग्न झालं होतं, आणि घरात तिचा विषय निघत नसे. परतताना सोपानरावांनी सांगितलं. लग्नात व्याह्यांनी पंगतीतल्या जेवणाला नाव ठेवलं. सोपानरावांनी उत्तर दिलं, ते आपल्या आवाजात. दुसरा कोणी असता तर ते दोघांत राहिलं असतं. हे मांडवाबाहेर वाजंत्र्यांनीही ऐकलं. तेव्हापासून कमलला माहेरी धाडणं बंद झालं. बोलावणं गेलं की निरोप यायचा, गाडीघोडं नाही, लेकुरवाळीला एवढं चालवत कसं धाडायचं?

"त्यांनी गाडी न्हाई म्हणून सांगितलं," सोपानराव म्हणाले. "म्हणून गाडी आणली."

"आणि आता?"

"आता म्हणत्यात, कांदा काढायचा हाय."

मग कधीमधी मीही त्यांच्याबरोबर जायचो. एका गुरुवारी लग्नसराईमुळे परतीची बस वाडीतच गच्च भरली. शेवटी एक म्हातारा काठी टेकत चढला. मी उठून त्याला सोपानरावांच्या शेजारची माझी जागा दिली. तो बसला, वळून पाहिलं आणि ताठ झाला. सोपानरावही ताठ झाले. ते कमलचे सासरे होते.

मोरी ओलांडल्यावर सासरे म्हणाले, "रस्ता बरा झालाय."

"हां," सोपानराव म्हणाले.

"डोळं दावाया पिंपरीला चाललोय. बस नसती तर चिखलीपत्तुर चालाया लागलं असतं."

"हां."

"तात्यासाहेबांनी काम केलं म्हनायचं."

मला वाटलं, आता सगळ्या बसला ऐकू जाणार. सोपानरावांनी हातातली रिकामी पिशवी गुडघ्यावर नीट घडी केली आणि हळू आवाजात म्हणाले, "त्यांनीच केलं."

चिखली मागे पडली. म्हाताऱ्याने दोनदा खाकरून घसा साफ केला. "कांदा निघाला समदा," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "येत्या गुरुवारी कमलीला धाडतो. ऱ्हाऊ द्या चार दिस."

सोपानराव खिडकीजवळच्या जागेवरून उठले आणि बाजूला सरकून म्हाताऱ्याला वाट दिली.

"हिकडं बसा पाव्हणं," ते म्हणाले. "हितं वारं लागतं."