अनशीबाईचं ऐतिहासिक शेत

एका जंगलात, बाळांनो, साळिंदर नवरा-बायको शेती करत होते. हसू नका. तुमच्या घरातही कुणी करत नाही, ते काम ते करत होते.

बायकोचं नाव अनशीबाई, नवऱ्याचं बाळकू. डोंगरउतारावर त्यांचं वरीचं शेत होतं. बाळकू कुदळीने माती मोकळी करायचा. अनशीबाई पाठीच्या काट्याने भोक पाडून त्यात दाणा टाकायची. सात पिढ्या हेच चाललं होतं.

एकदा सिंहमहाराज शिकारीहून परतताना शेताच्या बांधावर टेकले. बरोबर कोल्हेसाहेब होते. जंगलात जुनं काय काय आहे, त्याची यादी करणं हे साहेबांचं काम.

"हे शेत किती जुनं?" महाराजांनी विचारलं.

"सात पिढ्यांचं, महाराज!" बाळकू छाती काढून म्हणाला.

"म्हणजे आमच्या सिंहासनाहून जुनं! कोल्हेसाहेब, हे जपलंच पाहिजे."

झालं. आठ दिवसांत शेताला कुंपण आलं. फाटक आलं. बसायला बाकडी आली. पाटी आली : 'ऐतिहासिक शेत उद्यान. आत खोदण्यास सक्त मनाई.'

पेरणीचे दिवस आले. अनशीबाई बियाण्याची पुरचुंडी घेऊन निघाली. फाटकावर तरस पहारा देत होता.

"कुठे चाललात बाई?"

"शेतात. पेरायला."

"पाटी वाचा."

अनशीबाई तशीच कोल्हेसाहेबांकडे गेली. "साहेब, तुम्हाला शेत जपायचंय ना?"

"अर्थात!"

"मग पेरू द्या की."

"बाई, पेरलंत तर उगवेल. उगवलं तर कापाल. म्हणजे शेत बदललं! आम्हाला ते जसं होतं तसं ठेवायचंय."

बाळकूची मात्र चंगळ झाली. त्याला फेटा मिळाला. काम एकच : मधल्या चौथऱ्यावर कुदळ उगारून उभं राहायचं. मारायची नाही. ससे, भेकरं, माकडं सहकुटुंब यायची. "बघा, असे असायचे शेतकरी!" असं म्हणायची. बाळकूला ते फार आवडे.

रिकामं शेत बरं दिसेना, म्हणून साहेबांनी बांबूच्या काड्यांची वरी करवून घेतली. हिरवा रंग, वर पिवळी कणसं. चिमण्या टोच मारून गेल्या आणि चोची चोळत बसल्या. लगेच दुसरी पाटी लागली : 'पीक खाण्यासाठी नाही.'

अशी दोन वर्षं गेली.

एका सकाळी अनशीबाईने दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. चार दिवसांनी फडकं सोडलं. तीनच दाण्यांना मोड आले होते. 

"अहो, बी म्हातारं झालं," ती बाळकूला म्हणाली. "यंदा पेरलं नाही तर संपलं. नाल्यापलीकडे खडकाळ उतार आहे. चला."

"उद्या महाराज-महाराणी यायचेत गं. मी नसलो तर कसं दिसेल?"

अनशीबाई पुरचुंडी आणि घरातली दुसरी कुदळ घेऊन एकटीच गेली.

दुसऱ्या दिवशी महाराणी चौथऱ्याजवळ थांबल्या. "वरी लागते तरी कशी हो चवीला?"

बाळकू सांगायला गेला आणि अडला. दोन वर्षांत त्याने वरीचा घास खाल्ला नव्हता. सवयीने त्याने हात पुढे करून कणीस चोळलं. तळहाताला पिवळा रंग लागला.

"माफ करा राणीसाहेब," तो म्हणाला. "घरात विचारून सांगतो."

फेटा कुदळीला अडकवून तो चालू लागला. नाल्यापलीकडे अनशीबाई एकटीच दगड वेचत होती. बाळकू शेजारी बसला आणि दगड वेचू लागला. "उशीर केलात," एवढंच ती म्हणाली.

इकडे साहेबांनी चौथऱ्यावर पेंढ्याचा बाळकू उभा केला. फरक कुणाच्या लक्षात आला नाही. उलट हा जास्त स्थिर उभा राहतो, असं लोक म्हणाले.

पहिल्या वर्षी उतारावर वीतभर वरी आली. दुसऱ्या वर्षी वाफाभर. तिसऱ्या वर्षी सगळा उतार वाऱ्यावर डुलू लागला, आणि नेमके तेव्हाच कोल्हेसाहेब वही घेऊन तिकडून चालले होते.

"वा! वा! हे शेत किती जुनं?"

"सात..." बाळकूने छाती काढलीच होती. अनशीबाईचा एक काटा त्याच्या बरगडीत हळूच घुसला.

"सात महिने झाले नाहीत, साहेब," ती म्हणाली. "कालपरवाचंच आहे. हौस म्हणून केलंय. कशाला वहीत लिहिता?"

साहेबांनी वही मिटली. "मग काही उपयोग नाही," ते म्हणाले आणि निघून गेले.

त्या वर्षी वरी कोपरापर्यंत उंच झाली.

तात्पर्य : आपल्या परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा, पण साहेबांनी विचारलंच, तर ती कालच सुरू झाली असं सांगावं.