नरहरपंतांचा पेला

चहाला बोलावलं की नरहरपंत स्वतःचा पेला घेऊन येत. उकळून, रुमालात बांधलेला. खुर्ची देऊ केली तरी ओट्याच्या पायरीवरच बसत आणि पेला लांब धरून म्हणत, "वहिनी, वरून ओता."

"आपलं घर काय इतकं घाणेरडं आहे?" आमची ही आत येऊन भांडी आपटायची. मलाही ते झोंबायचं.

तेव्हा बडोद्यात महाराजांचं राज्य होतं आणि नरहरपंत सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली लोकांच्या बेडक्यांत जंतू शोधायचे आणि संध्याकाळी आम्हा शेजाऱ्यांत. तोंडी एकच प्रश्न, "कशावरून?" खंडेराव मार्केटातली बाई म्हणाली, "भाजी ताजी छे, साहेब," की हे, "कशावरून?" दूधवाल्याने "चोख्खुं छे" म्हणून गळ्याची शपथ घेतली तरी तेच. मी एकदा सहज म्हणालो, "आज बरं वाटतंय." त्यांनी "कशावरून?" असं काही विचारलं, की मला खरोखरच कसंसं व्हायला लागलं.

आदल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर त्यांनी बायको-मुलीला साताऱ्याला माहेरी पोचवलं, ते परत आणलंच नाही. बायकोचाही संशय आला असेल, असं गल्ली म्हणे. मीही म्हटलं.

मग आमची कुसुम खोकू लागली. अकरा वर्षांची पोर, महिना झाला तरी ताप हटेना. क्षय हा शब्द घरात कोणी उच्चारत नव्हतं. डॉक्टरांनी बेडका तपासायला सांगितला. नरहरपंतांनी पायरीवरूनच हुकूम सोडला, "सकाळी उठल्याबरोबरचा. तीन दिवस."

"पहिल्या दिवशीच नाही सापडला तर?"

"एकदा सापडला नाही म्हणजे नाहीच, हे कशावरून?"

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. चौथ्या दिवशी थेट प्रयोगशाळा गाठली.

"स्वच्छ. तिन्ही," नरहरपंत म्हणाले.

मी मिठीच मारणार होतो. ते झटकन टेबलामागे सरकले. माझं डोकंच फिरलं.

"असतो तरी कसा हा तुमचा जंतू? दाखवा बघू."

त्यांनी खणातून एक काचपट्टी काढली, भिंगाखाली ठेवली आणि दूर उभे राहिले. निळ्या रंगात बारीक लाल काड्या दिसत होत्या.

"लाल रंग दिला की आम्लाने धुतला तरी सोडत नाही. तसा ओळखायचा."

"हा कोण बिचारा?"

"मी."

"कशावरून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तीन सकाळी पाहिलं. गेल्या दसऱ्यानंतर." त्यांनी खण बंद केला. "वहिनींना सांगू नका. चहा बंद करतील."

संध्याकाळी ते आले. आत ही भांडी आपटत होती. मी स्वतः किटली घेऊन बाहेर गेलो आणि त्यांचा पेला वरून काठोकाठ भरला.

कुसुमने खिडकीतून विचारलं, "काका, तुमची मुलगी कधी येणार?"

"लवकरच," नरहरपंत म्हणाले.

कशावरून, ते कोणी विचारलं नाही.