शिकारीला जाता का?

विस्कॉन्सिनमधल्या टॉलेफ्सन चीज कारखान्यावर गेल्या वर्षी आपत्ती कोसळली. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला आणि ट्रकवाला भरलेला ट्रक रस्त्याकडेला लावून बंदुकीसह रानात गेला. चीज दुकानांत पोहोचलं ते सण उलटून गेल्यावर. ज्याच्या जिवावर कारखाना चालायचा त्या बड्या दुकानदारानं बजावलं, पुन्हा असं झालं तर आपला संबंध संपला. मालक हार्लन यांनी ताबडतोब डेल्बर्टला ‘भागीदार-जोखीम अधिकारी’ नेमलं.

डेल्बर्ट मुळातच नेमस्त आणि काटेकोर. त्यानं सगळ्या भागीदारांना, म्हणजे कारखान्याला माल नि सेवा पुरवणाऱ्यांना, एकच प्रश्न विचारायचं ठरवलं, मोसमात शिकारीला जाता का? ट्रकवाला हो म्हणाला, खोकेवाला हो म्हणाला, बर्फ उपसणाराही हो म्हणाला. तिघांनाही नारळ मिळाला. दूध पुरवणारा व्हर्नन म्हणजे डेल्बर्टच्या बायकोचा सख्खा भाऊ, पण नियम म्हणजे नियम.

“दाजी, दूध गायी देतात. गाय कधी बंदूक घेऊन निघालेली पाहिलीत का?”

“धार कोण काढतं?”

“मीच.”

“मोसमाच्या पहिल्या शनिवारी पहाटे कुठे असतोस?”

“तुमच्या शेजारच्या झाडावर, मचाणावर. दरवर्षी.”

“विषयांतर नको,” डेल्बर्ट गंभीरपणे म्हणाला आणि मेहुण्याला ‘अतिजोखीम’ या वर्गात टाकलं.

आता जुन्या साठ्यातलं चीज तेवढं न्यायचं होतं. बऱ्याच खटपटीनंतर शिकागोची एक वाहतूक कंपनी सापडली. तिथे कोणी बंदुकीला शिवतसुद्धा नव्हतं. डेल्बर्टला भरून आलं. नवा मोसम उघडण्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ट्रक दारात लागला.

“काय भरायचंय?” चालक बाईंनी विचारलं.

“चीज.”

“मग नाही जमायचं, साहेब. आम्ही हरणाला मारत नाही आणि गायीचं दूधही लुबाडत नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.”

ट्रक रिकामाच परतला. ‘वाहतुकीत मालाची हानी : शून्य’ असा अहवाल डेल्बर्टनं त्याच संध्याकाळी सादर केला.

“अरे, पण माल नेणार कोण?” हार्लननी विचारलं.

“साहेब, आपल्याकडे आता एकही धोकादायक भागीदार उरलेला नाही.”

“आणि बिनधोक?”

“तोही नाही. पण पहिला मुद्दा महत्त्वाचा.”

“मग उद्या तूच घेऊन जा की ट्रक.”

“उद्या माझी रजा आहे, साहेब. तुम्हीच मंजूर केलीत.”

“हो, खरंच की,” हार्लन ओशाळून म्हणाले. त्यांचं शिकारीचं नारिंगी जाकीट खुर्चीवर तयारच होतं.

शनिवारी पहाटे कारखान्यात चिटपाखरू नव्हतं. रानात मात्र झाडाझाडावर माणूस होता. शेजारच्या झाडावरून व्हर्नन कुजबुजला, “दाजी, तुमची जोखीम कोणी मोजली?”

“हळू बोल. हरीण बिचकेल.”

दुकानदारानं शब्द पाळला आणि नाताळाआधीच कारखान्याला कुलूप लागलं. डेल्बर्ट हल्ली गावोगावच्या कंपन्यांत जोखमीवर व्याख्यानं देतो आणि म्हणे फार गर्दी होते.

हसा, खुशाल हसा. पण एव्हाना तुमच्या मनात तुमच्या ओळखीतली दोन-चार धोक्याची नावं येऊन गेली असतील. त्यांत तुमचं स्वतःचं होतं का?