नमुना क्रमांक सात

पाचव्या दिवशी मुळ्याचा अंकुर नऊ मिलिमीटर भरला. आईने पट्टी पुसून पर्समध्ये ठेवली. मातीच्या प्रयोगशाळेत दिवसभर उभं राहून आल्यावर तिला फक्त आडवं व्हायचं होतं. पण वाफा मोजल्याशिवाय तिची लेक चिमणी तिला घराकडे फिरकू देत नव्हती.

वाफा होता त्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेतल्या काचा आणि खिळे आईनेच दोन रविवार खपून वेचले होते, म्हणून मुलं तिथे अनवाणी खेळत. जागा मुलांना द्यायची की गाड्यांना, हे घोंगडं सोसायटीच्या सभेत तीन वर्षं भिजत पडलं होतं. इतिवृत्त तीच लिही. शेवटची ओळ तिला तोंडपाठ होती: ‘निर्णय पुढील सभेत.’

“चेंडू रोज माझ्या वाफ्यावरच येतो,” चिमणी म्हणाली. “काहीतरी कर ना.”

आईने पर्समधून कामावरची चिठ्ठी काढली, सवयीने लिहिली आणि काडीला अडकवून वाफ्यात खोचली: ‘मातीचा नमुना क्र. ७. तपासणी चालू. हात लावू नये.’

सकाळी वॉचमनकाकांनी ती वाचली आणि त्या जागेच्या फाटकाला कुलूप ठोकलं. मुलं उभ्या गाड्यांमध्ये खेळू लागली. चौथ्याच चेंडूला दातांच्या डॉक्टरांच्या गाडीचा आरसा गेला.

“कुलूप कशाला?” डॉक्टरांनी वॉचमनकाकांना विचारलं.

“मातीत काहीतरी आहे म्हणे.”

संध्याकाळपर्यंत त्या काहीतरीला वासही फुटला. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी खिडक्या लावून घेतल्या. आई खुलासा करायला गेली, तर त्यांनी तिलाच खुर्चीवर बसवलं.

“किती सुकलाय चेहरा. तुम्हाला तर आतलं सगळं माहीत असणार.”

उद्या सांगू, असं म्हणून आई झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर मातीची पिशवी होती आणि सोबत सोसायटीच्या अध्यक्षांचं पत्र. आपल्या दारची माती आपण तपासू नये, एवढी शिस्त तिच्यात होती. तिने पिशवी शेजारच्या टेबलाकडे सरकवली.

“घाई आहे का गं?” मैत्रिणीने विचारलं.

“आहे. मुळे वाट बघतायत.”

रविवारच्या सभेत अध्यक्षांनी अहवाल वाचला. माती निर्दोष. भाजीपाल्यास उत्तम.

“चांगलीच आहे ना?” डॉक्टर म्हणाले. “मग फरश्या टाकून गाड्यांना द्या नि मोकळे व्हा.”

दारात पट्टी घेऊन बसलेल्या चिमणीने आईकडे पाहिलं. आई उठली.

“ती चिठ्ठी मी लावली होती. चेंडू अडवायला.”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

“तीन वर्षं तुमचं इतिवृत्त वाचतोय. अक्षर ओळखणार नाही का?”

“मग माती का पाठवलीत?”

“मुलांना मातीत खेळू द्या, हे मी तोंडाने सांगून थकलो हो. शिक्क्याचा कागद दाखवल्याशिवाय इथे कुणी ऐकतं का? घ्या, लिहा आता.”

आई बसली. हात आपसूक चालला: ‘निर्णय पुढील...’

“खोडा ते,” अध्यक्ष म्हणाले. “जागा मुलांची.”