गाळाचा तात्पुरता कार्यभार

निवळण म्हणजे गढूळ पाण्याने स्थिर होणे आणि आपल्यातील जड ते खाली सोडणे. निंबखेडच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील पाणी निवळण्यापूर्वी विचारते, की हा गाळ कोणाच्या नावावर सोडू. प्रश्न रोज सकाळी दहा वाजता मुख्य टाकीतून येतो. कर्तव्यावरील माणूस कठड्याशी उभा राहून "नगरपालिकेच्या" असे सांगतो. मग पाणी स्वस्थ होते आणि तीन तासांत कारखान्यांना देण्याजोगे नितळ होते. सव्वीस वर्षे यात खंड पडला नव्हता.

तीन जूनला पाणी म्हणाले, "नगरपालिकेची मुदत काल संपली."

केंद्रचालिका कुमुदिनी घोडमारे यांनी कागद पाहिले. पाण्याचे म्हणणे बरोबर होते.

"मग प्रशासकांच्या नावावर."

"त्यांनी अजून कार्यभार घेतलेला नाही. आज येथे जबाबदार कोण आहे, त्याचे नाव सांगा."

दुपारपर्यंत टाकी काठोकाठ भरली. खालच्या आळीतील प्रसूतिगृहाच्या मोऱ्यांतून मैला उलटा वर येऊ लागला. अभियंता कळमकर धावत आले.

"घोडमारेबाई, तात्पुरता कार्यभार म्हणून तुमचं नाव द्या. निवडणूक झाली की आदेश काढून मोकळं करतील तुम्हाला."

"तुमचं का नको, साहेब?"

कळमकरांनी बदलीचा आदेश दाखवला. त्यांना सकाळीच कार्यमुक्त केलेले होते.

झडपा उघडण्याचे काम करणारे वृद्ध रामटेकेकाका मध्ये पडले. "बाई, सांगू नका. एकदा नाव कळलं की पाणी ते सोडत नाही."

"काका, तिथं अकरा बाळंतिणी आहेत."

"मग माझं सांगा. माझं आता राहिलंय काय!"

"रोजंदारीवरील माणसाचे नाव चालत नाही," पाणी म्हणाले.

"एवढं बरं कळतं ह्याला," काका पुटपुटले.

कुमुदिनीबाईंनी आपले संपूर्ण नाव सांगितले. पाणी तत्काळ निवळू लागले. प्रसूतिगृहातील मोऱ्या मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी वाळलेला गाळ नेणारा ट्रॅक्टरवाला म्हणाला, "बाई, गाळ भरलाय का भुसा? ट्रॉली रिकामीच धावतेय." वजनकाट्यावर गाळाचे वजन शून्य भरले. त्याच दिवशी बाईंची खुर्ची मोडली. तिसऱ्या दिवशी कार्यालयाच्या फरशीला त्यांच्या पावलांखाली तडे गेले. डॉक्टरांना दोष आढळला नाही. शरीर होते तेवढेच होते. फक्त वजनाच्या यंत्राचा काटा टोकाला गेला तो परतला नाही.

घराच्या जिन्याला त्यांचे वजन पेलेना, म्हणून त्या केंद्रातच राहू लागल्या. पंपाखालचा काँक्रीटचा चौथरा तेवढा खचत नव्हता. त्यावर त्या प्रथम बसत आणि पुढे पडून राहत. टाकी आता प्रश्न विचारीत नसे. दहा वाजता ती त्यांचे नाव घेई आणि गाळ सोडी.

"काका, दहाला किती मिनिटं आहेत?" त्या पहाटेपासून विचारीत.

"पुष्कळ आहेत, बाई," काका घड्याळ न पाहता सांगत.

"खरं सांगा."

काका झडपांकडे वळत.

ही हकिकत सांगताना लोक शेवटी म्हणतात, की नगरपालिका बाईंना विसरली. हे असत्य आहे. प्रशासकांनी कार्यभार घेतलाच नाही, पण निवडणूक एकोणीस महिन्यांनी झाली आणि पहिल्याच सभेत त्यांच्या कार्यमुक्तीचा ठराव एकमताने संमत झाला. नवे नगराध्यक्ष स्वतः चौथऱ्यापाशी आले आणि त्यांनी आदेशाची प्रत बाईंच्या तळहातावर ठेवली. पोच म्हणून सही तेवढी हवी होती. बाई साक्षर असल्याने अंगठा चालणार नव्हता. काकांनी त्यांचे मनगट दोन्ही हातांनी धरले, मग नगराध्यक्षांनी धरले, मग चार सफाई कामगारांनी दोर लावला. हात उचलला गेला नाही. पोच नसलेला आदेश अमलात येत नाही, हे बाईंनाही मान्य होते.

प्रत अद्याप तळहातावरच आहे. ती वाऱ्याने उडू नये म्हणून काकांनी तिच्यावर एक लहानसा खडा ठेवला होता. तेवढाही नको, असे बाई म्हणाल्या.