भोपळ्याला गडी माणूस

लियाकत पिंजाऱ्याला पलटणीच्या भरतीत डॉक्टरने नापास केलं, कारण काय, तर म्हणे त्याचे तळपाय सपाट आहेत. आता माणसाचे तळपाय सपाट नसावेत तर काय परातीसारखे खोलगट असावेत? कडेगावाजवळच्या त्या वाडीत हे कोडं कुणालाच सुटलं नाही. गडी उंचापुरा, छाती भरदार, रुई पिंजून पिंजून दंड टणक झालेले. आणि पायासाठी नापास! वाडीतले बाकीचे गडी एकेक करून लढाईवर गेले. कोण ब्रह्मदेशात गेला, कोण इटलीत, ते त्यांच्या बायकांनाही नीट सांगता येईना. लियाकत मात्र आपले सपाट पाय घेऊन वाडीतच राहिला. पाणवठ्यावरून जाताना तो खाली मान घालून जायचा. कुणी काही बोलत नव्हतं, पण न बोललेलं जास्त ऐकू येतं.

लढाईमुळे बाजाराची दशा झाली होती. साखर चिठ्ठीवर, रॉकेल चिठ्ठीवर, घरचा जोंधळा सरकारच्या लेव्हीत. वाडीत वडीलधारी म्हणजे मनुबाई. तिची दोन्ही पोरं पलटणीत. तिने एक दिवस विहिरीवर हुकूमच काढला.

"बायांनू, बाजाराचं नावबी काढायचं न्हाई. घरात पिकलंय त्ये खायाचं, उन्हात वाळवून ठेवलंय त्ये खायाचं. पोरं तिकडं डब्यातलं थंडगार खात्यात, आन् आपुन हितं चोचलं करायचं व्हय?"

बायांना पटलं. सांडगे निघाले, वाळवलेल्या गवारीची गाडगी निघाली, आणि ती संपल्यावर सगळ्यांनी वर बघितलं. त्या वर्षी पाऊसपाणी झकास झालं होतं. छपराछपरावर वेल चढले होते आणि वेलांना हे तांबडे भोपळे लोळत होते. फुकटचं अन्न, आणि अख्खा भोपळा कोपऱ्यात ठेवला की महिनोन् महिने बिघडत नाही.

पण अडचण इथेच होती. अख्खा भोपळा बाईने कापायचा नसतो. पहिली सुरी गड्याने लावायची, मग बाईने त्याचं काय करायचं ते करावं. का? तर भोपळा म्हणजे घरातला थोरला लेक. एरवी ही रीत कुणाला जाचली नव्हती. नवरा भाकरीला बसायच्या आधी एक घाव घालून द्यायचा, संपलं. आता घरोघरचे थोरले लेक खरोखरच लढाईवर. अशा वेळी बाईने त्या भोपळ्यावर विळी चालवायची? कुणाच्या हाताला ते व्हायचं!

राहता राहिले म्हातारे आप्पासो. त्यांनी थरथरत्या हाताने पहिलाच भोपळा कापायला घेतला आणि भोपळ्याऐवजी अंगठा कापला. तेव्हापासून विळा नुसता दिसला तरी ते शेताकडे निघून जायचे. मिसरूड न फुटलेली पोरं या कामाला चालत नाहीत. वाडीत अन्नाचे ढीग आणि बाया चटणीभाकरी खातायत, अशी गत झाली.

तेव्हा मनुबाईला लियाकत आठवला.

"लेका लियाकत, तू गडी हायंस का न्हाईस?"

लियाकतचा चेहरा पडला. "आवं मावशी, आता तुमीबी...?"

"तसं न्हवं रं! भोपळा फोडायचाय. चल."

मनुबाईने भोपळ्याला हळदकुंकू लावलं. लियाकतने "बिस्मिल्ला" म्हटलं आणि असा घाव घातला की भोपळ्याची दोन सरळ शकलं झाली. मनुबाईने त्यातली चांगली जाडजूड फोड त्याच्या हातावर ठेवली. "कापणाऱ्याचा मान हाय. न्हाई म्हणू नगंस." लियाकत ती फोड घेऊन वाडीच्या मधोमध, मान ताठ करून घरी गेला. भरतीतून परत आल्यापासून त्याला कुणी 'गडी' म्हणून हाक मारली नव्हती.

त्याची बायको हाजराबी हिनेही कौतुकाने भाजी केली. "लय गोड हाय," म्हणाली. तिला काय ठाऊक!

दुसऱ्या दिवशी लढाईवर गेलेल्या मानसिंगची बायको शालूबाई आली, मग चंद्राबाई, मग दगडाबाई. वाडीत बातमी झाली की लियाकतदादाच्या हातचा भोपळा गोड निघतो, आणि त्याने 'बिस्मिल्ला' म्हटल्याशिवाय नीट शिजतच नाही. लियाकत कमरेला विळा खोचून घरोघर फिरू लागला आणि प्रत्येक घरची मानाची फोड हाजराबीपुढे येऊन पडू लागली. तिने भाजी केली, भरीत केलं, गूळ घालून घारगे केले. सालींची चटणी केली, बिया वाळवल्या. कापलेला भोपळा टिकत नाही आणि अन्न टाकणं तिच्या रक्तात नाही. फोडींच्या चकत्या करून तिने छपरावर वाळत घातल्या. त्या वाळायच्या आत नव्या फोडी हजर.

"आवं, मी सपनातबी भोपळाच चिरतीया," ती एकदा म्हणाली. "तुमी त्या बायांस्नी न्हाई म्हणा की."

"न्हाई कसं म्हणू? त्यांचं मालक लढाईवर..."

"मग कापून द्या. फोड घिऊ नगा."

बरोबर बोलली. लियाकतने ते करूनही पाहिलं. शालूबाईचा भोपळा कापला आणि फोड न घेता उठला, तर ती पोर एकदम रडायलाच लागली. "दादा, मान न घेता निघाला? आता आमच्या ह्यांच्यावर काय संकट आलं म्हंजी?" लियाकत परत खाली बसला. एकाऐवजी दोन फोडी घेऊन घरी आला.

त्या दिवशी हाजराबीने लाटणं आपटलं. "कान उघडं ठेवून ऐका. अजून एक, येकच फोड या घरात आली, तर मी तासगावला म्हायारी जाणार. परत येणार न्हाई!"

लियाकतचं धाबं दणाणलं. हाजराबी बोलली की करणारी बाई. नापास होऊन आला तेव्हा सगळी वाडी गप्प होती, ही एकटी म्हणाली होती, "बरं झालं, माझा मानूस माझ्याजवळ ऱ्हायला." तीच गेली तर उरलं काय? पण बायांना नाही म्हणायचं कसं?

मग त्याने चोरवाटा काढल्या. फोड दगडाबाईच्या म्हशीला घातली. म्हशीने पहिल्या दिवशी खाल्ली, दुसऱ्या दिवशी तोंड फिरवलं. तिच्या मालकिणीने आधीच तिला भोपळा चारचारून बेजार केलं होतं. मग त्याने एक फोड अंधार पडताना मनुबाईच्या कट्ट्यावर गुपचूप ठेवून दिली. मनुबाईने त्याचे घारगे केले आणि "लियाकत राबतोय बिचारा" म्हणून ताट भरून त्याच्याच घरी पाठवले. हाजराबी त्या ताटाकडे बघत राहिली आणि लियाकत हाजराबीकडे.

शेवटी त्याला एक जागा सुचली. चंद्राबाईच्या लेकीच्या लग्नाच्या गादीची रुई घरात ढिगाने पडली होती. भोपळे कापण्याच्या नादात ती पिंजायची राहूनच गेली होती. त्या ढिगात त्याने शालूबाईची फोड खुपसली. सकाळी उठून ओढ्यात टाकू, म्हणाला. पण पहाटेच पलटणीतल्या जोतिबाची आई भोपळा घेऊन दारात उभी! तो तसाच विळा घेऊन तिच्यामागे गेला. त्या दिवसापासून रोज एक फोड ढिगात जाऊ लागली आणि ओढ्यावर जायचं रोज राहू लागलं.

इकडे चंद्राबाईने गादीचा तगादा लावला. नवऱ्याला सवड नाही असं बघून हाजराबीने पदर खोचला आणि स्वतःच पिंजायची कमान उचलली. पिंजाऱ्याचीच लेक ती. तिला ते काम नवं नव्हतं. तिने ढिगावर कमान धरली आणि लाकडी दांड्याने तारेवर दणका दिला. फच्च! पिकून लिबलिबीत झालेला भोपळा उडाला तो छताला, भिंतींना आणि हाजराबीच्या तोंडावर. पांढऱ्याशुभ्र रुईचा पिवळा चिखल झाला. बिया तिच्या केसांत अडकल्या.

लियाकत घरी आला तेव्हा ती तशीच बसली होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमी माझ्यापास्नं फोडी लपवल्या?" ती एवढंच म्हणाली. तोंड धुतलं, गाठोडं बांधलं आणि कडेगावला जाऊन पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसली. लियाकत मोटारीमागे थोडा पळाला. धुराने डोळे भरले म्हणून थांबला, असं तो नंतर सांगायचा. धूर फार नव्हता.

चंद्राबाईला काय सांगायचं, या काळजीने तो तिच्या दारात गेला आणि सगळं कबूल करून टाकलं. ती मोठ्या मनाची बाई. "जाऊ द्या दादा, दुसरी रुई बघू," म्हणाली, आणि मग आतून एक भोपळा घेऊन आली. "आलाच हाय तर एवढा..."

बायको गेल्याचं कळल्यावर वाडीला त्याची कणव आली. एकटा गडी, खाणार काय? सांजच्याला ताटांवर ताटं आली. शालूबाईने भरीत पाठवलं, दगडाबाईने भाजी, मनुबाईने घारगे. लियाकतने सगळी ताटं ओळीत मांडली, एक घारगा उचलला आणि त्याला हुंदकाच फुटला. हाजराबीच्या घारग्यात वेलदोडा असायचा. कुठून आणायची कोण जाणे, पण असायचा.

पहाटे उठून तो तासगावला निघाला. विट्याला मोटार बदलायची, तर ती बंद पडलेली. मग चालत निघाला. वाटेत एका बैलगाडीवाल्याने घेतलं, पुढे पुन्हा चालला. सपाट पायांनी कुरकूर केली नाही. सगळ्या वाटेने तो मनात घोकत होता: पाया पडीन, कान धरीन, आजपासून फोडीला हात लावणार न्हाई, असं हाजराबीच्या अम्मांच्या समोर सांगीन.

सासरवाडीच्या गल्लीत वळला तर काय, सासूच्या कट्ट्यावर बायांची ही दाटी! कुणाचं काय झालं? हाजराबी बरी आहे ना? तो भिंतीआड थांबला, तेव्हा आतून बायकोचा आवाज आला. चांगला ठणठणीत होता.

"...तर आमच्या वाडीत ह्यांच्याशिवाय भोपळाच फुटत न्हाई. बाया पहाटंच्या दारात हुब्या ऱ्हात्यात. हात असा हाय म्हणताय, एका घावात दोन शकलं! मिलट्रीच्या डाक्तरनं ह्यांचं पाय तेवढं बघितलं. हात कुठं बघितला त्यानं?"

लियाकत भिंतीआड उभा राहिला. मघाशी ठरवलेलं सगळं भाषण त्याच्या डोक्यातून पुसून गेलं.

तेवढ्यात सासूने त्याला पाहिलं. "आवं, जावईबापू आलं! शंभर वर्सं आयुष्य!"

बाया बाजूला झाल्या आणि लियाकतला दिसलं. कट्ट्यावर, पायरीवर, दाराशी, जिकडे बघावं तिकडे भोपळे. तासगावचे गडीही लढाईवरच होते की! घरोघरी भोपळे महिनोन् महिने अडकून पडलेले, आणि गल्लीत अशा नामांकित माणसाची बायको येऊन बसलेली. बाया कालपासून वाट बघत होत्या.

हाजराबीने त्याच्याकडे बघितलं आणि नजर खाली केली. विळा मात्र धार लावून आणून दिला. वर हळूच म्हणाली, "पाय दुखत असतील. बसून कापा."

त्याने कापले. संध्याकाळपर्यंत कापले. प्रत्येक घावाला "बिस्मिल्ला", प्रत्येक भोपळ्याला हळदकुंकू आणि प्रत्येक बाईची मानाची फोड. हाजराबी शेजारी पाटी घेऊन बसली होती आणि पोटभर हसत एकेक फोड मोजून तीत भरत होती.

परतीच्या मोटारीत लियाकतच्या मांडीवर एक पाटी, पायांत दुसरी. कंडक्टर कुरकुरला, त्यालाही एक फोड दिली. मोटार विट्याच्या चढाला लागली तेव्हा लियाकतने धीर करून विचारलं,

"एकबी फोड घरात आली तर जाईन, म्हणालीवतीस नव्हं तू?"

हाजराबीने पाटी आपल्या पदराने नीट झाकली. "त्या वाडीच्या फोडी व्हत्या," ती म्हणाली. "ह्या माझ्या म्हायारच्या हायत. नीट धरा, सांडाल."