एका वाक्यात कोंडलेला बैल

वऱ्हाड मध्य प्रांतांना जोडला गेल्याच्या चौथ्या की पाचव्या वर्षी, संग्रामपूरच्या बाजारवाटेवरल्या आमच्या गावात, तानुबाई माळणीच्या बांड्या नावाच्या बैलानं डाकबंगल्याच्या आवारात शिरून सरकारी गुलाबाची एकवीस फुलं खाल्ली. फुलं सकाळी गेली आणि बैल दुपारी कोंडवाड्यात गेला. इथवर कारभार अगदी सुरळीत होता.

तानुबाईची वांग्याची वाडी बंगल्याच्या उताराखाली. वांगी फुलावर आलेली, आणि पाणी द्यायला मोट, आणि मोट ओढायला जोडी. जोडीतला तांबड्या घरी बसून रवंथ करत होता. एका बैलानं मोट चालत नाही, हे सरकार सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

एरवी कोंडवाड्यातलं जनावर संध्याकाळपर्यंत घरी येई. पण फुलं सरकारी असल्यामुळे पोटात फुलं असलेला बैलही अर्धा सरकारी झाला होता. त्याला सोडायला बुलढाण्याच्या बड्या साहेबांचा लेखी हुकूम हवा होता. हुकमासाठी अर्ज हवा होता आणि तो इंग्रजीत हवा होता. साहेब नवे होते आणि त्यांना थोडक्यात बोलणं फार आवडायचं. त्यांनी परिपत्रक काढलं होतं की एका गावानं महिन्याला एकच अर्ज करावा आणि तो एकाच वाक्याचा असावा. परिपत्रक अकरा पानांचं होतं.

तालुक्याच्या कचेरीसमोर निंबाखाली भगवंतराव अर्जनवीस बसत. मॅट्रिकच्या परीक्षेला ते पाच वेळा बसले होते, त्यामुळे त्यांचं इंग्रजी पाचपट पक्कं होतं.

"एकच वाक्य?" तानुबाई म्हणाली. "मंग लिहा ना. माहा बैल सोडा. झालं."

भगवंतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "तानुबाई, ते मराठी झालं. मराठीत क्रियापद आलं की वाक्याचं दार लागलं. इंग्रजीचं तसं नाही. तिथं क्रियापद आधीच येऊन जातं, अन् मागचं दार उघडंच राहतं. 'विच' लावा, गुरंढोरं आत येतात. 'हू' लावा, माणसं येतात. 'अँड' लावलं, की मंग कोणीबी येतं."

"मले फक्त बैल पाह्यजे."

"बैलच आणतो. पण रीतीनं."

त्यांनी रीतीनं लिहिलं. अर्जदार, जी गरीब आहे, जिचा बैल, ज्यानं फुलं खाल्ली, जी सरकारची होती, जे सरकार दयाळू आहे, ज्याच्या दयेची कीर्ती वगैरे वगैरे. मागणी म्हणजे 'बैल सोडावा' एवढंच, ती वाक्याच्या अगदी शेवटी. अर्जात मागणी शेवटीच येते, अशी रीत होती. रीत कोणी पाडली हे विचारायचं झालं, तर वेगळा अर्ज करावा लागे.

ते शेवटाकडे वळणार, तोच पुंजाजी पाटील येऊन ओट्यावर टेकले. गावाचा महिन्याचा एकुलता एक अर्ज लिहिला जातोय, हे त्यांच्या कानावर आलं होतं.

"भगवंतराव, बंगल्याचं नाव आलं का त्यात?"

"आलं."

"मंग बंगला, जो रस्त्यावर आहे, जो रस्ता नाल्यावरून जाते, ज्या नाल्यावर पूल नाही, एवढं टाका. तानुबाई, तुमचं काही कमी होत नाही त्यानं."

खरंच काही कमी झालं नाही. पुलाला आठ ओळी लागल्या. तोवर शाळामास्तर आले. नाल्यापलीकडे शाळा होती, जिचं छप्पर उडालं होतं. मग छपराच्या लाकडाचे लोक आले, मग लाकूड ज्या जंगलातून यायचं त्या सातपुड्याच्या पायथ्याचे लोक आले. शेजारच्या गावांनाही कळलं की आमच्या वाक्याचं दार उघडं आहे, आणि ती आपापले महिन्याचे अर्ज वाचवून आमच्या अर्जात येऊन बसली. रस्ता शेगावच्या ठेसनाकडे जातो म्हणून ठेसनावर सावली नसल्याचं शेगावकरांनी जोडलं. नवव्या दिवशी लोणारचा एक गृहस्थ शिदोरी घेऊन आला. त्याच्या तळ्याच्या पाण्याला वास येत होता. भगवंतरावांनी जरा विचार केला, 'अँड' लिहिलं आणि त्याला बसायला जागा दिली.

"आपला मुलूखच 'आणि'वर चालते, बाई," त्यांनी समजूत काढली. "मध्य प्रांत आणि वऱ्हाड. सरकारनं एवढा मोठा वऱ्हाड एका 'आणि'नं जोडला, तर त्याच्या तळ्याले नाही कसं म्हणता?"

वाक्य बेचाळीस पानांचं झालं आणि बैलगाडीनं बुलढाण्याला गेलं.

वांगी सुकू लागली. तानुबाई डोक्यावर घागरी वाहून निम्मी वाडी जगवत होती. पंधराव्या दिवशी तिनं घाट चढून बुलढाण्याची कचेरी गाठली. तिथं शेषराव कारकून वाक्याची राखण करत होते.

"बाई, तुमचा बैल पहिल्या पानावर आहे," ते आदरानं म्हणाले. "पण मागणी बेचाळिसाव्या पानावर. मधली पानं रस्तेवाल्यांकडे, शाळावाल्यांकडे, जंगलवाल्यांकडे फिरून राह्यली. सगळ्यांचं मत आलं की निकाल."

"बाकीचं काढून टाका. माहं तेवढं पाहा."

"वाक्य एक आहे. मंजूर तर अख्खं, नाहीतर नाही. अर्धं वाक्य मंजूर केलं तर अर्थ काय राहील?"

"मंग एक टिंब द्या बैलापाशी."

शेषरावांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "पूर्णविराम द्यायचा अधिकार खुद्द साहेबांचा आहे, बाई. मी स्वल्पविरामापर्यंतचा माणूस."

तानुबाई गावी परतली आणि घरोघर फिरली. आपापलं मागं घ्या म्हणाली. सगळ्यांना तिची फार दया आली. पाटलांच्या घरी चहा मिळाला, मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "घेतो ना," प्रत्येकजण म्हणाला, "माहं तेवढं होऊ दे, मंग लगेच घेतो."

उरली वाट कोंडवाड्याची. निदान बैलाला पाहावं म्हणून ती तिथं गेली. कोंडवाड्याचा राखणदार आणि डाकबंगल्याचा माळी मिळून मोतीराम नावाचा एकच माणूस होता. सरकारनं दोन नोकऱ्या 'आणि'नं जोडून पगार एकच ठेवला होता.

"तुमचा बैल मस्त खाऊन राह्यला, बाई," मोतीराम कपाळाला हात लावून म्हणाला. "माहे गुलाब मातर वाळून राह्यले. बंगल्याची विहीर भरली आहे, मोट आहे, अन् बैल हा तुमचा एकच. एका बैलानं मोट चालत नाही."

तानुबाईनं बंगल्याची विहीर पाहिली. बागेचा पाट पाहिला. पाटाचं जास्तीचं पाणी कुंपणाखालून उताराला कुठं जाईल, तेही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबड्यानं सरकारी गुलाबाची उरलेली फुलं खाल्ली. म्हणजे खाल्ली असं नोंदलं गेलं. मोतीरामच्या म्हणण्याप्रमाणे बैल कुंपणापाशी नुसता उभा होता आणि बाई एक एक फूल तोडून त्याला भरवत होती. दुपारी तांबड्या कोंडवाड्यात, संध्याकाळी बांड्याच्या जोडीला मोटेवर. बैल सरकारी प्रकरणातले, म्हणून चाराही सरकारी. गुलाबांना पाणी मिळालं, आणि उरलेलं पाणी कुंपणाखालून उतरून तानुबाईच्या वांग्यांत शिरलं. त्या वर्षी एकेक वांगं तीन सेरांचं भरत होतं. एकाच्या देठावर पोरं झोका घेत, ते मी स्वतः पाहिलंय.

चार महिन्यांनी शेषराव स्वतः गावात आले. गाव चावडीवर जमलं.

"साहेबांची बदली झाली," ते म्हणाले. "नवे साहेब टिंबवाले आहेत. त्यांनी ठरवलं, बैल सोडायचे अन् तिथं पूर्णविराम. बाकी एकेचाळीस पानं नामंजूर. फक्त अर्जदार बाईनं कबूल म्हणून अंगठा द्यायचा."

पूल, छप्पर, सावली आणि लोणारचं तळं त्या एका अंगठ्याखाली येऊन बसलं होतं.

तानुबाईनं शाईची डबी पाहिली, मग उताराखालची वाडी.

"नाही देत," ती म्हणाली. "भगवंतरावाले बोलवा. माहं काही जोडायचं राह्यलं."

"काय राह्यलं?"

"काहीबी. तुमचं ते 'अँड' लावा, मी सांगतेच पुढचं."

गावाच्या डोळ्यांत पाणी आलं. पाटलांनी तिला नारळ दिला, खणानं ओटी भरवली. स्वतःचे बैल कोंडवाड्यात ठेवून ज्या माउलीनं गावाचं वाक्य तुटू दिलं नाही, तिच्या त्यागावर मास्तरांनी पाऊण तास भाषण केलं. ओटीत वांगी पण होती. ती तानुबाईचीच होती.

पुढं ते साहेब गेले, त्यांच्यानंतरचे गेले. पूल अजून व्हायचा आहे. सरकारच्या नावातला 'आणि' मात्र शाबूत होता. बैल म्हातारे होऊन सरकारी चाऱ्यावर सुखानं गेले, आणि मोटेला दुसरी जोडी हवी म्हणून आणखी दोन गोऱ्ह्यांनी फुलं खाल्ली. वाक्य अजून कपाटात आहे. मी बुलढाण्याला गेलो की बघून येतो. दर वेळी पान-दोन पान वाढलेलं असतं, आणि शाई ओली असते.

तुम्ही इतका वेळ हसत होतात, ठीक आहे. पण शेषरावांच्या जागी आता जो कारकून आहे, त्यानं मला शेवटचं पान दाखवलं, ज्यावर तुमच्या आडनावाचा एक माणूस सापडला, ज्याची मागणी म्हणाल तर अगदी एवढीशी होती, जी सोडायला तो तयार होता, फक्त आधी बाकीच्यांनी सोडायची होती, आणि